व्यवसायाच्या रकान्यात

माणूस भूल देऊन टेबलावर निजवलेला असताना त्याच्या वतीने दुसऱ्या कुणाला विचारले गेले, की हे गृहस्थ करतात काय, तर त्या दुसऱ्याने काय सांगावे? ज्याचा पगार मिळाला ते सांगावे, की ज्यासाठी चार माणसे त्याची वाट पाहत थांबतात ते? पनवेलच्या एलिशेवाबाई वाक्रूळकर यांना हा प्रश्न १५ नोव्हेंबर २०२२ रोजी दुपारी बाराच्या सुमारास, एका हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर विचारला गेला. उत्तर द्यायला त्यांना क्षणही लागला नाही. ते उत्तर बरोबर होते की चूक, हे त्यांना पुढे कधी ठरवता आले नाही. त्यांची ही हकीकत लिहितानाही ते ठरवता आलेले नाही.

एलिशेवाबाईंचा जन्म १९६१चा, जुन्या पनवेलात इस्रायल तळ्याच्या बाजूला असलेल्या एका भाड्याच्या घरातला. वडील कचेरीत कारकून होते. कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, घरांत तीन-चार पिढ्यांपासून जी रीत पडून गेली होती तीच याही घरात होती: शिकायचे, नोकरी धरायची, आणि शनिवारच्या सुटीसाठी साहेबाकडे शब्द टाकायचा. धाकटा भाऊ इनॉक त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. नात्यातली माणसे एकेक करून इस्रायलला निघून गेली. एलिशेवाबाईंना स्थळे आली तीही लोद आणि अश्दोद इथली आली, आणि आईला मागे टाकून जायचे नाही म्हणून परतवली गेली. आई गेली तोवर त्यांची पंचेचाळिशी उलटली होती. नंतर कुणी विचारले नाही आणि त्यांनाही विचारावेसे वाटले नाही.

त्यांनी एकतीस वर्षे एकच काम केले. महामार्गाच्या कडेच्या एका हॉस्पिटलात, पॅथॉलॉजी विभागात त्या तंत्रज्ञ होत्या. शस्त्रक्रियेत माणसाच्या अंगातून जे काढले जाई ते बरणीत घालून त्यांच्याकडे येई. त्याचे तुकडे करायचे, ते मेणात बसवायचे, त्या मेणाच्या वडीचे केसाहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर ते तरंगवून काचेवर अलगद उचलायचे, रंग चढवायचे आणि डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली द्यायचे. या कामात हात जितका हलका लागतो तितकीच नजर पक्की लागते, कारण बरणीवरचा नंबर एकदा चुकला की एका माणसाचा आजार दुसऱ्याच्या नावावर चढतो. एलिशेवाबाईंचा नंबर कधी चुकला नाही. २०१९ साली त्या निवृत्त झाल्या तेव्हा भाषण करणाऱ्याने नेमके हेच सांगितले, आणि त्यांनाही दुसरे काही ऐकायचे नव्हते.

इनॉक बँकेत होता. कॅशवर बसे, पुढे हेड कॅशिअर झाला आणि २०१८मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसला. पण पनवेलच्या बेने इस्रायल मंडळींमध्ये त्याची ओळख निराळी होती. २००१ साली सिनेगॉगचे जुने हझान, म्हणजे प्रार्थना म्हणणारे गृहस्थ, इस्रायलला गेले, आणि तेव्हापासून ते काम इनॉककडे आले. त्याला कुणी नेमले नव्हते. जुन्या चाली त्यालाच येत होत्या, एवढेच. वडिलांनी शिकवलेल्या त्या चाली कागदावर नव्हत्या. मलिद्याच्या विधीत, गोड पोह्यांच्या परातीसमोर, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला साद घालताना आवाज कुठे खाली आणायचा, दारफळणीच्या उपासाच्या दिवशी शेवटची प्रार्थना कुठवर लांबवायची, हे सगळे त्याच्या गळ्यात होते. बोलताना तो साधा, काहीसा घोगरा वाटे. प्रार्थना म्हणू लागला की त्याच आवाजाला खोली येई. नेऱ्याच्या गंगाबाई, ज्या दरवर्षी मलिद्यासाठी घरचे पोहे आणून देत, त्या पोहे देऊन लगेच निघत नसत. दाराशी बसून ऐकत आणि मग जात.

२०१६मध्ये तळ्याकाठचे घर पाडले गेले आणि भावंडे, इनॉकची बायको हदासा आणि मुलगी इलाना, असे सगळे विचुंब्याच्या एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला आले. तिथून सिनेगॉग लांब, आणि शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत, वाहनात बसायचे नाही. त्यावर तोड निघाली ती हाफिजमुळे. हाफिज हा इनॉकचा शाळेपासूनचा मित्र, जुन्या पनवेलातला खजुराचा व्यापारी. शुक्रवारी दिवस कलण्याआधी इनॉकने त्याच्या घरी यायचे, बाहेरच्या खोलीत मुक्काम करायचा आणि शनिवारी सकाळी पायी सिनेगॉगला जायचे, असे ठरले. हे सहा वर्षे चालले. हाफिज लोकांना सांगे, "आमच्याकडे शुक्रवारचा पाहुणा आहे. जेवतो कमी, गुणगुणतो जास्त. फातिहा मला येते तेवढीच त्याची प्रार्थनाही मला यायला लागलीय."

इलाना लग्न होऊन अश्दोदला गेली. हदासा एप्रिल २०२१मध्ये कोविडने गेली. विचुंब्याच्या घरात बहीण-भाऊ दोघेच उरले.

२०२२च्या दारफळणीला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, प्रार्थना म्हणता म्हणता इनॉकचा दम मध्येच तुटला. लोकांना वाटले, उपासामुळे. एलिशेवाबाईंनी त्याच आठवड्यात त्याला हॉस्पिटलात नेले. हृदयाच्या तीन वाहिन्या तुंबल्या होत्या आणि बायपास करावी लागणार होती. त्यांनी आपल्याच जुन्या हॉस्पिटलात नाव घातले, आणि घरी येऊन एलियाहू हन्नाबीला मलिदा बोलल्या: भाऊ बरा होऊन घरी आला की परात मांडीन.

भरतीचा अर्ज त्यांनीच भरला. बरण्यांवर नंबर घालायचे तेच ठाशीव, सुटे अक्षर. नाव, वय, रक्तगट, जवळचे नातेवाईक. व्यवसाय या रकान्यात त्यांनी लिहिले: निवृत्त, बँक.

शस्त्रक्रिया सकाळी सुरू झाली. बाहेरच्या बाकावर एलिशेवाबाई आणि हाफिज बसले होते. साडेअकराच्या पुढे हाफिजला जासईच्या कंटेनर यार्डातून फोन आला. त्याचा माल कागदांसाठी अडकला होता. आत आवाज तुटत होता म्हणून तो खाली गेला. तो गेल्यावर काही वेळाने हृदयशल्यचिकित्सक डॉ. प्रभाकर केणी टोपी-मास्कसह दारात आले. एलिशेवाबाईंना ते ओळखत होते, त्यामुळे त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"मॅडम, हार्टचं काम नीट होईल, त्याची चिंता नाही. पण आत एक सिस्ट सापडलीय. महाधमनीच्या कमानीखाली, श्वासनलिकेला लागून. लिंबाएवढी असेल. जन्मापासूनची."

"एक्सरेत नव्हती," एलिशेवाबाई म्हणाल्या.

"महाधमनीच्या सावलीत लपली होती."

मग त्यांनी उभ्या उभ्याच सगळे समजावून सांगितले. अशी गाठ फार क्वचित आढळते. ज्यांना असते त्यातल्या पुष्कळांना जन्मभर तिचा पत्ता नसतो. राहू दिली तर हृदयाच्या कामात काही अडत नाही, दरवर्षी स्कॅन करून नजर ठेवायची. पण तिच्यात जंतू शिरू शकतात, ती फुगून श्वासनलिका दाबू शकते, आणि फार थोड्यांच्या बाबतीत तिचे रूप बिघडते. आज छाती उघडलेलीच आहे. उद्या याच कारणासाठी पुन्हा उघडायची म्हटली तर आता बसवलेल्या नव्या वाहिन्या वाटेत येतील. दुसऱ्या बाजूने, स्वरयंत्राकडे जाणारी एक नस तिथूनच वळून वर जाते आणि गाठीची भिंत तिला चिकटलेली दिसते. आपण सांभाळून सोडवू, पण शब्द देता येणार नाही.

हे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, "पेशंट काय करतात?"

"बँकेत होते. रिटायर्ड."

डॉक्टरांनी मान हलवली. "मग काढू?"

"काढा," एलिशेवाबाई म्हणाल्या, आणि पुढे केलेल्या कागदावर त्यांनी सही केली.

हा निर्णय घाईचा होता असे त्यांना तेव्हा वाटले नाही. नंतर बऱ्याच महिन्यांनी, त्या दिवसाची घडी पुन्हा पुन्हा उलगडून पाहताना, आपले मन तिथे कसे चालले ते त्यांच्या लक्षात आले. एकतीस वर्षे त्यांनी ज्या गाठी पाहिल्या त्या सगळ्या बरणीतून आल्या होत्या. म्हणजे त्या कुणी तरी काढल्या होत्या, आणि काढल्या त्या अर्थी त्यांनी कुणाला ना कुणाला त्रास दिला होता. जी गाठ एखाद्याच्या छातीत जन्मभर निमूट राहिली आणि त्या माणसाबरोबरच मातीत गेली, ती त्यांच्या टेबलावर यायची काही वाटच नव्हती. अशा गाठी किती असतील याचा त्यांना अंदाज नव्हता, कारण त्यांच्या वहीत त्या गाठींना नंबरच नव्हता. सगळ्या गाठी आपण पाहिल्यात असे त्या धरून चालल्या होत्या. प्रत्यक्षात त्यांनी सगळ्या बरण्या पाहिल्या होत्या.

हाफिज चहाचे दोन कागदी पेले घेऊन वर आला तेव्हा डॉक्टर आत गेले होते. काय झाले ते एलिशेवाबाईंनी त्याला सांगितले. तो म्हणाला, काढली तर बरेच झाले, उपरी चीज अंगात कशाला. नसेबद्दल त्यांनी त्याला सांगितले की नाही, हे त्यांना पुढे आठवेना.

इनॉकचे हृदय उत्तम सावरले. तिसऱ्या दिवशी तो चालू लागला. आवाज बसला होता, पण भुलीसाठी घशात घातलेल्या नळीने तो बसतोच, असे नर्सनेही सांगितले आणि एलिशेवाबाईंनीही. आठव्या दिवशी गाठीचा रिपोर्ट आला. तो घ्यायला त्या स्वतः आपल्या जुन्या विभागात गेल्या. तिथे आता दिपिका होती, जिला त्यांनीच निवृत्तीपूर्वी दोन वर्षे हाताखाली घेऊन तयार केले होते. गाठ निरुपद्रवी होती, जन्मजात होती. वाईट काही नव्हते. दिपिकाने काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि खुर्ची मोकळी केली.

"बघा ना मॅडम, किती छान आलंय. अशी स्लाइड मी पुस्तकातच पाहिली होती. तुमच्या वेळी आली होती का कधी?"

एलिशेवाबाईंनी पाहिले. गाठीच्या आतल्या अस्तरावर पेशींची ओळ होती आणि प्रत्येक पेशीच्या टोकाशी बारीक केसांची झालर. भिंतीत कूर्चेचा एक निळसर तुकडा. हे अस्तर त्यांना परके नव्हते. श्वासनलिकेच्या आत हेच असते. आईच्या पोटात असताना, श्वासनलिका फुटत असतानाच तिचा एक कोंब वाट सोडून बाजूला पडला, तिथेच बंद झाला, आणि अठ्ठावन्न वर्षे आपल्याच ओलाव्यात राहिला. त्यातून वारा कधी गेला नाही. गेला असता तर ती श्वासनलिकाच झाली असती.

"नाही आली कधी," त्या म्हणाल्या. "छान आहे. काप जरा जाड घेतलायस."

दिपिका हसली. इतक्या वर्षांनीही त्यांना तेच दिसले, असे ती म्हणाली.

डिसेंबर उजाडला तरी इनॉकचा आवाज आला नाही. बोलला की शब्दांऐवजी वारा जास्त बाहेर येई. पाणी पिताना ठसका लागे. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिले. डावा स्वरतंतू हलत नव्हता. नस दबली असेल तर सहा महिने ते वर्षभरात सुधारेल, तुटली असेल तर नाही, असे ते म्हणाले. घरी आल्यावर कुजबुजल्यासारखे त्याने बहिणीला विचारले ते भलतेच.

"त्यांनी काढलं ते कुठाय?"

एलिशेवाबाईंनी सांगितले, की तपासून उरलेला भाग काही दिवस बरणीत ठेवतात आणि मग जाळून टाकतात.

"आपल्यात जाळत नाहीत," इनॉक म्हणाला. "अंगाचं असेल तर पुरतात."

एवढ्या वर्षांत असे मागायला त्यांच्या विभागात कधी कुणी आले नव्हते. एलिशेवाबाईंनी रीतसर अर्ज केला, दिपिकाने तो पुढे सरकवला, आणि २० डिसेंबरला इनॉकला तपासणीसाठी नेले त्याच दिवशी बरणी हातात आली. इनॉक एक्सरेच्या खोलीत गेला असताना डॉ. केणींनी एलिशेवाबाईंना केबिनमध्ये बोलावले. हृदयाबद्दल ते समाधानी होते. आवाजाबद्दल त्यांनी विचारले तेव्हा, बोलता बोलता, एलिशेवाबाई म्हणून गेल्या की प्रार्थना म्हणता येत नाही याचे त्याला फार लागले आहे, एकवीस वर्षे तोच म्हणत होता.

डॉक्टरांनी मान वर केली. "गायचे?"

"गाणं नाही. प्रार्थना. पण हो, सुरात."

"मला कल्पना नव्हती. मी फॉर्म पाहिला होता, त्यावर बँक होतं." ते काही वेळ पेनाशी चाळा करत राहिले. "तसं कळलं असतं तर नसेच्या बाजूची भिंत मी कदाचित तशीच सोडली असती. गाठ रिकामी करून थांबलो असतो. कदाचित, हं. नक्की नाही सांगता येत आता."

त्यांच्या बोलण्यात दोषारोप नव्हता. उलट पुढचे सगळे उपचार आपण पाहू, असे ते म्हणाले. एलिशेवाबाईंनी बरणी पिशवीत घातली, पिशवीचे तोंड दोनदा पिळले आणि त्या बाहेर येऊन बसल्या. इनॉक आला तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते त्याने विचारले. हृदय चांगले आहे म्हणाले, असे त्यांनी सांगितले.

त्या दिवसापासून एलिशेवाबाईंच्या आयुष्यात एकच प्रश्न उरला: हे त्याला सांगायचे की नाही. आवाज परत आला तर सांगायची गरजच उरणार नव्हती. म्हणून त्या वाट पाहू लागल्या, आणि वाट पाहण्यालाच त्यांनी धीर हे नाव दिले.

बरणीतले पुरायला २५ डिसेंबरला, रविवारी सकाळी, तिघे कबरस्थानात गेले. हाफिजने गाडी काढली होती. हदासाच्या कबरीच्या पायथ्याशी हातभर खड्डा घेतला होता. अशा वेळी काही म्हणायचे बंधन नाही, तरी सवयीने इनॉकने डोक्यावरची टोपी सारखी केली, श्वास भरला आणि तोंड उघडले. वाऱ्यासारखे काही तरी बाहेर आले. त्याने तोंड मिटले, तीन मुठी माती लोटली आणि तो फाटकाबाहेरच्या नळावर हात धुवायला गेला.

तो दूर आहे असे पाहून हाफिज हळू आवाजात म्हणाला, "आपा, एक विचारू? ऑपरेशनच्या आधी डॉक्टर लोक विचारत नाहीत का, हा माणूस करतो काय म्हणून?"

"विचारतात," एलिशेवाबाई म्हणाल्या.

"मग? सांगितलं नाही कुणी?"

त्या वाकून खड्ड्यावरची माती हाताने सारखी करू लागल्या. हाफिजला वाटले, त्यांना रडू येते आहे. तो घाईने म्हणाला की आपण मूर्खासारखे बोलतो, जे व्हायचे ते अल्लाच्या हातात, आणि मग, न राहवून, त्याने जोडले, "मी नेमका त्या खजुराच्या मागे खाली गेलो. मला विचारलं असतं तर माझ्या तोंडून प्रार्थनाच आली असती. त्याला मी बँकेत कधी पाहिलंच नाही."

६ फेब्रुवारी २०२३ रोजी, एलियाहू हन्नाबीच्या दिवशी, एलिशेवाबाईंनी बोललेला मलिदा मांडला. आदल्या दिवशी नेऱ्याच्या गंगाबाई पोहे घेऊन विचुंब्याला आल्या. लिफ्टमध्ये बसायला त्या भीत, म्हणून चार मजले चढून आल्या होत्या. दम खाऊन झाल्यावर त्यांनी इनॉककडे निरखून पाहिले. भाऊ वाळला हाय, असे म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "औंदा बोलनार कोन? भाऊच ना?"

इनॉकने मान हलवून नाही म्हटले.

"मंग आमी कोनाचं आयकाचं?" असे म्हणून त्या पदराने मान पुसू लागल्या, आणि त्या वर्षी दाराशी न बसता निघून गेल्या.

परातीत भिजवलेले गोड पोहे, खोबरे, पाच तऱ्हेची फळे, हाफिजकडचा खजूर, असे सगळे रीतीप्रमाणे होते. दहा पुरुष जमावे लागतात तेही पेण आणि ठाण्याहून बोलावून जमवले होते. म्हणायला ठाण्याचे एक गृहस्थ बसले. त्यांचा आवाज चांगला होता, पण चाल मुंबईची होती. इनॉक परातीशी बसून काठावर एका बोटाने ताल धरत होता. जिथे पनवेलची चाल खाली उतरते तिथे ठाण्याचे गृहस्थ वर गेले की त्याचे बोट क्षणभर थबके, आणि मग त्यांच्या मागून पुन्हा चालू लागे. एलिशेवाबाई स्वयंपाकघराच्या दारातून ते बोट पाहत होत्या. किती वेळा थबकले ते त्यांनी मोजले नाही. पण आपण मोजू शकलो असतो हे त्यांना जाणवले, म्हणजे त्या चाली त्यांनाही येत होत्या. ते त्यांच्या कधी ध्यानात आले नव्हते.

मे गेला, सहा महिने सरले. आवाज कुजबुजीच्या पलीकडे गेला नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी ऑगस्टमध्ये येणे बंद केले. अश्दोदहून इलाना व्हिडिओवर बोले तेव्हा वडील फक्त हात हलवत. पप्पांना थकवू नका आत्या, असे म्हणून ती एलिशेवाबाईंशीच बोलत राही. वर्ष भरत आले आणि दारफळणीचा सण आला.

या सणाआधी एकमेकांची माफी मागायची असते. माणसांचे जे माणसांत राहिले असेल ते माणसांतच फेडायचे, देवाकडे घेऊन जायचे नाही, अशी रीत. वाक्रूळकरांच्या घरात ती दोन वाक्यांवर आली होती. इनॉक म्हणे, काही चुकलं असेल तर माफ कर. एलिशेवाबाई म्हणत, माझंही. आणि दोघेही शेवटचे जेवण वाढायला घेत.

२४ सप्टेंबर २०२३, रविवार. दुपारचे तीन वाजले होते. हाफिज चारला गाडी घेऊन येणार होता. इनॉकने पांढरे कपडे घातले होते, आणि बावीस वर्षांत प्रथमच तो सिनेगॉगमध्ये मागच्या बाकावर बसायला निघाला होता. प्रार्थनेच्या वेळी पांघरायची सीसीथची शाल घडी करता करता त्याने ते नेहमीचे वाक्य सुरू केले.

"थांब," एलिशेवाबाई म्हणाल्या. "आज आधी मी."

त्यांनी सगळे सांगितले. त्या दारात डॉक्टर काय म्हणाले, आपण काय उत्तर दिले, आणि २० डिसेंबरला केबिनमध्ये डॉक्टर काय बोलले. इनॉक शालीची एक घडी उलगडून पुन्हा घालत होता.

"फॉर्मवरही बँकच होतं ना?" त्याने विचारले. त्याची कुजबुज समजायला आता त्यांना कान द्यावा लागत नसे.

"हो. मीच भरला होता."

"आणि नसेचं? ते डॉक्टरांनी सांगितलं होतं?"

हा प्रश्न त्यांनी अपेक्षिला नव्हता. नऊ महिने त्या व्यवसायाच्या त्या एका शब्दापाशी उभ्या होत्या, आणि त्याच्या मागे हा दुसरा प्रश्न उभा आहे हे त्यांनी पाहिलेच नव्हते.

"सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मला कळलंही होतं. मी गाठीकडे पाहिलं, नसेकडे नाही पाहिलं."

खाली कुणी तरी गाडी मागे घेत होते, तिचा भोंगा वाजत राहिला आणि थांबला.

"ताई, मी शुद्धीवर असतो आणि मला विचारलं असतं," तो म्हणाला, "तर मीही बँकच सांगितलं असतं."

एलिशेवाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी हात जोडायला घेतले, तेव्हा त्याने शालीचा हात मधे धरला.

"माफी मागू नकोस. मागितलीस तर द्यावी लागेल. आजचा दिवसच तसा आहे."

त्यांनी हात खाली घेतले. इनॉकने शाल पिशवीत घातली, टोपी घातली, आणि लिफ्टची वाट न पाहता तो जिन्याने खाली गेला. हृदयासाठी जिना चांगला, असे डॉक्टरांनी सांगितले होते. एलिशेवाबाई गॅलरीत आल्या. हाफिजची गाडी आली होती. हाफिजने काही तरी विचारले, इनॉकने मान हलवली, आणि गाडी वळून गेली. त्या आत येऊन उपासाआधीची भांडी घासू लागल्या. आपणही हेच सांगितले असते, असे तो म्हणाला ते खरे होते, की बहिणीने पुढे काही बोलू नये म्हणून त्याने ते मधे ठेवले, हे त्यांना कळले नाही. पुन्हा तो विषय घरात निघाला नाही. दरवर्षीचे ते वाक्य मात्र त्या वर्षी दोघांचेही राहून गेले.

वर्ष उलटून गेल्यावर घशाच्या डॉक्टरांनी सुचवले, की हलत नसलेला स्वरतंतू एका छोट्या शस्त्रक्रियेने मध्यावर आणून बसवता येईल. त्याने बोलणे ऐकू येण्याइतके सुधारेल, सूर मात्र मिळणार नाही. इनॉकने ते मान्य केले. ११ मार्च २०२४ रोजी, सोमवारी, तो त्याच हॉस्पिटलात भरती झाला. भरतीचा अर्ज त्या वेळी त्याने बहिणीकडून मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने भरला. व्यवसायाच्या रकान्यात त्याने लिहिले: निवृत्त, बँक.